पिम-१ची मेम्ब्रेन सुधारताना: बडोद्याच्या हवेत कास्टिंग, मोजणी आणि बदल

इथे विषय आहे वायू एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनचा (पातळ पडद्याचा), म्हणजे २ नॅनोमीटरपेक्षा लहान पोकळ्या असलेल्या पॉलिमरचा. पाणी गाळायच्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरचा नाही. या गटातला सर्वांत जास्त वापरला जाणारा पॉलिमर म्हणजे पिम-१. पीटर बड आणि नील मॅक्‌किओन यांच्या मँचेस्टरमधल्या गटाने तो २००४मध्ये मांडला. शिडीसारखी ताठ साखळी आणि मध्येमध्ये काटकोनात वळवणारे स्पायरो केंद्र, त्यामुळे साखळ्या एकमेकींना नीट चिकटून बसत नाहीत आणि अधल्यामधल्या रिकाम्या जागेतून वायू सुसाट जातो. कार्बन डायऑक्साइडची पारगम्यता (वायू किती सहज आरपार जातो त्याचे माप, एकक बॅरर) काही हजार बॅरर, ताज्या फिल्ममध्ये कधी दहा हजारांच्याही वर.

म्हणजे वायू जास्त जातो, ही तक्रार नाहीच. तक्रारी वेगळ्या आहेत. निवडक्षमता (एक वायू दुसऱ्याच्या किती पट जातो) बेताची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनसाठी साधारण १५ ते २५. फिल्म जुनी होते तशी पारगम्यता घसरते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड फिल्मला फुगवतो. आणि तुमची निम्मी मेहनत फुकट घालवणारी गोष्ट म्हणजे एकाच पॉलिमरच्या दोन फिल्म दोन वेगळे आकडे देतात. म्हणून रासायनिक बदलाला हात घालण्याआधी साधी, न बदललेली फिल्म तीनदा करून तीनदा तोच आकडा यायला हवा. तो येत नसेल तर पुढची सुधारणा म्हणजे अंधारात तीर.

पॉलिमर

विकत मिळाला तर उत्तम. स्वतः करायचा असेल तर दोन मोनोमर लागतात: टेट्राहायड्रॉक्सी स्पायरोबिसइंडेन (रेणुभार ३४०.४) आणि टेट्राफ्लुओरोटेरेफ्थॅलोनायट्राइल (२००.१). १० मिलिमोलच्या बॅचला ३.४० ग्रॅम पहिला, २.०० ग्रॅम दुसरा, निर्जल पोटॅशियम कार्बोनेट बारीक वाटून ३.५ ते ४ ग्रॅम (हिशेबाने किमान २.७६ लागतो, पण थोडा जास्त असू द्यावा) आणि कोरडे डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड हा द्रावक) ६५ ते ७० मिलि. नायट्रोजनखाली ६५ अंश सेल्सिअसला ७२ तास ढवळत ठेवा. मग पाण्यात ओता, गाळा, धुवा, वाळवा, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा आणि मिथेनॉलमध्ये पुन्हा पाडा. शंभर टक्के मिळाला तर ४.६ ग्रॅम.

यात वजन हा सगळ्यात नाजूक भाग आहे. दोन्ही मोनोमर तंतोतंत समप्रमाणात हवेत. एक मोनोमर १ टक्का कमी पडला तर बाकी सगळे आदर्श असूनही सरासरी रेणुभार ४६,०००च्या पुढे जात नाही, २ टक्के कमी पडला तर २३,०००च्या आसपास अडकतो. १ टक्का म्हणजे फ्लुओरो मोनोमरचे फक्त २० मिलिग्रॅम, वजनाच्या कागदाला चिकटून राहतील तेवढेच. म्हणून कागद डीएमएफने फ्लास्कमध्ये धुऊन काढा आणि वजनाआधी शुद्धीकरण टाळू नका: स्पायरो मोनोमर गरम मिथेनॉलमधून डायक्लोरोमिथेनमध्ये पाडून, फ्लुओरो मोनोमर निर्वातात संप्लवन करून (न वितळवता थेट वाफ करून पुन्हा घन जमवून). अशुद्ध मोनोमर तंतोतंत मोजण्यात काही अर्थ नाही.

रेणुभार कमी राहिला की फिल्म काचेवरून निघतानाच तडकते. हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही: फिल्मची पट्टी बोटाने दुमडून पाहा. ती मोडली तर त्या बॅचच्या पॉलिमरवर पुढचे काम करू नका. उलट क्लोरोफॉर्ममध्ये जेलीसारखे न विरघळणारे तुकडे राहत असतील तर साखळ्यांचे एकमेकींत जोड झालेत. तो भाग गाळून टाकता येतो, पण राहिलेल्या पॉलिमरचा रेणुभार आधी समजला होता तो नाही, हे ध्यानात ठेवा.

धुलाईला डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार पॉलिमरच्या पावडरीत बसतात आणि नंतर फिल्ममध्ये पांढरे ठिपके होऊन दिसतात. धुलाईच्या पहिल्या पाण्यात पोटॅशियम फ्लुओराइड असते, त्यात आम्ल टाकू नका, हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो.

फिल्म ओतणे

९ सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या पेट्री डिशचे क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रॉन जाडीची फिल्म हवी तर आकारमान ०.३२ घन सेंटिमीटर होते. पिम-१ची घनता १.०५ ते १.१ धरली तर ०.३५ ग्रॅम पॉलिमर लागतो. १०० मिलि क्लोरोफॉर्ममध्ये २ ग्रॅम या हिशेबाचे द्रावण केले तर १७.५ मिलि ओतायचे. रात्रभर ढवळा, १ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरने गाळा, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत बाटली अर्धा तास ठेवा आणि मगच ओता. टेबल पाणसळीने दोन्ही दिशांनी तपासा. अर्धा मिलिमीटरचा उतारही एका कडेला जास्त जाडी देतो, कारण ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल द्रावणातून फिल्म बनत असते.

मग डिशवर उलटी काच ठेवून कडेला कागदाची एक पातळ घडी सरकवायची, म्हणजे वाफ हळूहळू निघते. दोन ते चार दिवस लागतात. घाई नडते. झाकण उघडे ठेवले की वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा क्लोरोफॉर्म अडकतो, फिल्म कडेने वर उचलते आणि मध्यात सुरकुतते.

बडोद्याची हवा इथे आडवी येते, आणि तीही दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान चाळिशीच्या घरात गेले की क्लोरोफॉर्म, ज्याचा उत्कलनबिंदूच ६१ अंश आहे, कागदाची घडी असूनही भसाभसा उडतो. एसी २५ अंशांवर ठेवा, पण त्याचा झोत डिशवर येऊ देऊ नका, नाहीतर एका बाजूने फिल्म पातळ होते. पावसाळा त्याहून वाईट. क्लोरोफॉर्म उडताना द्रावणाचा पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ बारीक थेंबांनी जमते आणि त्या थेंबांचे ठसे फिल्ममध्ये राहतात. फिल्म दुधाळ दिसते, भिंगाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे दिसतात. अशी फिल्म मोजणीला घेऊ नका, मिथेनॉलने ती सुधारत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये डिश एका बंद डब्यात ठेवा, शेजारी निळे सिलिका जेल, आणि शक्य असेल तर अगदी मंद कोरडा नायट्रोजन. सिलिका जेल गुलाबी झाले तर त्या दिवशी ओतू नका. फ्यूम हूडमधल्या जोराच्या वाऱ्यात उघडी डिश ठेवणे हा तिसरा मार्ग, आणि तोही चुकीचाच. डबा हूडच्या आत ठेवा, डबा बंद ठेवा.

क्लोरोफॉर्मच्या बाटलीत स्थिरक म्हणून साधारण अर्धा ते एक टक्का इथेनॉल असते. त्याने फिल्मवर बहुधा फरक पडत नाही, पण दर वेळी एकाच कंपनीचा एकच ग्रेड घ्या. आणि एक सक्त सूचना: भांडी ॲसिटोनने धुऊन ते पाणी क्लोरोफॉर्मच्या कॅनमध्ये ओतायची सवय अनेक प्रयोगशाळांत आहे. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन यांच्यात कॉस्टिक किंवा पोटॅशसारखा अल्कली आला की प्रक्रिया इतकी जोरात होते की कॅन फुटू शकतो. दोन्हींचे कॅन वेगळे, आणि क्लोरोफॉर्मचा कॅन नाल्यात रिकामा करायचा नाही.

मिथेनॉलचे स्नान

फिल्म सुकली की डिशमध्ये मिथेनॉल ओता. काही मिनिटांत कडेपासून फिल्म सुटायला लागते, थोडी फुगते, मग पूर्ण तरंगते. चिमटा न वापरता कडेखाली कागद सरकवून ती उचला, नव्या मिथेनॉलमध्ये २४ तास ठेवा, मध्ये एकदा मिथेनॉल बदला. मग दोन टिपकागदांत दाबून, वर सपाट काच ठेवून, आधी खोलीत आणि नंतर निर्वात भट्टीत १२० अंशांवर २४ तास.

हे स्नान फक्त धुण्यासाठी नाही. अडकलेला क्लोरोफॉर्म निघून जातो, पोकळ्या पुन्हा मोकळ्या होतात आणि फिल्मने आधी काय सोसले ते पुसले जाते. त्यामुळेच न धुतलेल्या आणि धुतलेल्या फिल्मच्या पारगम्यतेत कैक पटींचा फरक सापडतो आणि अनेक शोधनिबंधांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते पिम-१च्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्षित पायरी हीच. फिल्म १२० अंशांवर वाळवा किंवा नुसती खोलीत, दोन्ही चालतात, पण दोन्हींचे आकडे सारखे येत नाहीत. एकच पद्धत ठरवा आणि बदलू नका. वजन सलग दोन मोजण्यांत स्थिर झाले म्हणजे ती वाळली. फिल्मच्या पाकिटावर वाळवण संपल्याची तारीख आणि वेळ लिहा. तिथपासून तिचे वय मोजायचे.

जाडी मिथेनॉलनंतर मोजा, आधी नाही. डिजिटल मायक्रोमीटरने मध्यात आणि चार कडांना. मध्य आणि कडा यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कडा कापून टाका.

मोजणी

सेल (फिल्म धरून तिच्यातून वायू सोडायची डबी) बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) कुठल्याही चांगल्या टर्नरकडून करून घेता येतो: एसएस ३१६, खाली सिंटर्ड स्टीलची चकती, वायटॉनचा ओ-रिंग, वर गॅस येण्या-जाण्याचे दोन तोंड. मापन १० चौरस सेंटिमीटर उघड्या क्षेत्रावर करा. ओ-रिंग थेट फिल्मवर बसवला तर फिल्म कापली जाते. ॲल्युमिनियम टेपच्या चौकटीत फिल्म चिकटवा, कडेला इपॉक्सी.

निर्वातावर चालणारे यंत्र नसेल तरी साबणाच्या बुडबुड्याचे फ्लोमीटर चालते. हिशेब करून पाहा. ५,००० बॅररची, ५० मायक्रॉनची फिल्म, १० चौरस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंत १ बारचा फरक: मिनिटाला साधारण ४.५ मिलि कार्बन डायऑक्साइड येतो. नायट्रोजन २५० बॅरर धरला तर मिनिटाला ०.२२ मिलि, म्हणजे १ मिलिच्या खुणेपर्यंत बुडबुडा वर जायला साडेचार मिनिटे. बारीक नळी घेतली तर हे नीट वाचता येते. फक्त कार्बन डायऑक्साइड साबणाच्या पाण्यात विरघळतो, म्हणून नळी आधी त्याच गॅसने भिजवून तीन-चार बुडबुडे वाया जाऊ द्या.

आधी नायट्रोजन, मग ऑक्सिजन, शेवटी कार्बन डायऑक्साइड. क्रम उलटा केला तर कार्बन डायऑक्साइडने फुगलेली फिल्म पुढच्या गॅसला जास्त वाट देते. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे गुणोत्तर ३ ते ४ आले तर फिल्म ठीक. १च्या खाली, ०.९३च्या जवळ आले तर वायू छिद्रातून जातोय. तो न्युडसेन प्रवाहाचा, म्हणजे बारीक छिद्रातून फक्त रेणूंच्या वजनानुसार होणाऱ्या वाहण्याचा आकडा. कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजनसाठी हाच आकडा ०.८० आहे. एवढ्या एका तपासणीने बऱ्याच ‘नव्या’ मेम्ब्रेनचे गूढ उकलते: निवडक्षमता कमी आली ती पॉलिमरमुळे नाही, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रामुळे.

आता बदल कुठला

आधी ठरवा कोणती तक्रार दूर करायची. चारही एकाच वेळी दूर होत नाहीत. १९९१ची आणि नंतर २००८ची रोबसन रेषा (पॉलिमर मेम्ब्रेनच्या कामगिरीची वरची मर्यादा दाखवणारी) हेच सांगते की पारगम्यता वाढली की निवडक्षमता उतरते. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणच्या ऑफ-गॅसमध्ये जड हायड्रोकार्बन असतात, तिथे फुगणे आवरणे महत्त्वाचे. बायोगॅसमध्ये साधारण ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेले मुख्यतः मिथेन, तिथे मिथेनपासूनची निवड महत्त्वाची.

मिथेनची निवड हवी असेल तर साखळीवरच्या नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन) गटाचे ॲमिडॉक्झिममध्ये रूपांतर करणे हा मला सर्वांत विश्वासाचा मार्ग वाटतो. अर्धा ग्रॅम पिम-१, ३० मिलि टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक), नायट्रोजनखाली रिफ्लक्सवर (उकळत ठेवून, वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत). ५० टक्के हायड्रॉक्सिलअमिनचे जलद्रावण ५ मिलि थेंबथेंब, मग २० तास रिफ्लक्स. इथेनॉलमध्ये पाडून, धुऊन, ११० अंशांवर वाळवा. हायड्रॉक्सिलअमिनचे द्रावण आटवून घट्ट करू नका, सुके हायड्रॉक्सिलअमिन स्फोटक आहे. उरलेला भाग भरपूर पाण्यात पातळ करून ठेवा. ॲमिडॉक्झिम झालेला पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, डीएमएफमध्ये विरघळतो. त्यामुळे फिल्म डीएमएफमधून, ६० अंशांच्या आसपास, आणि पावसाळ्याची वर सांगितलेली भीती इथे वेगळ्या रूपात येते: डीएमएफ हवेतले पाणी शोषते आणि फिल्म गढूळ होते. इन्फ्रारेडमध्ये २२४० सेमी⁻¹ जवळची नायट्राइलची रेघ संपली पाहिजे. ती थोडी जरी शिल्लक असेल तर अर्धवट बदललेला पॉलिमर आहे आणि त्याचा आकडा दुसऱ्या बॅचशी जुळणार नाही. फळ असे: कार्बन डायऑक्साइड-मिथेनची निवड १०-१५वरून ३०च्या पुढे जाते, पारगम्यता हजाराच्या आसपास येते. ती घट पाहून घाबरू नका, पूर्वीच्या काचाभ (काचेसारख्या ताठ) पॉलिमरशी तुलना केली तर हजार बॅरर अजून फार आहे. कॉस्टिक वापरून नायट्राइलचे जलविघटन करायचा मार्गही आहे. तो स्वस्त आहे, पण ॲमाइड आणि आम्ल यांची खिचडी होते, नेमके काय तयार झाले ते सांगणे अवघड. पहिला बदल म्हणून तो घेऊ नका.

फुगणे आणि द्रावकात विरघळणे थांबवायचे तर उष्णतेने आडवे जोड. वाळलेली फिल्म स्टीलच्या जाळीवर सपाट ठेवून निर्वातात ३०० अंशांपर्यंत, मिनिटाला ५ अंशांच्या वेगाने, आणि तिथे २४ ते ४८ तास. पिवळी फिल्म तपकिरी होते. हे जोड नेमके नायट्राइलमधून होतात की निर्वातात उरलेल्या ऑक्सिजनमधून, यावर मतभेद आहेत. कामापुरते एवढे पुरे की पंप बदलला तर निकाल बदलतो. म्हणून निर्वाताचा दाब नोंदवा. तपासणी अशी: ०.०५ ग्रॅमची पट्टी क्लोरोफॉर्ममध्ये २४ तास ठेवा, उरलेली वाळवून वजन करा. ९५ टक्क्यांच्या वर उरली म्हणजे जोड पुरेसे. पण जास्त तापवली तर फिल्म सेलमध्ये आवळताना कडाडते. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. पट्टी दुमडून पाहा, मोडायच्या एक पायरी आधी थांबा.

तिसरा मार्ग भराव्याचा. झिफ-८ किंवा यूआयओ-६६ या धातू आणि सेंद्रिय जोड्यांच्या सच्छिद्र स्फटिकांचे बारीक कण पॉलिमरमध्ये मिसळायचे. १० टक्क्यांपासून सुरुवात करा. वरच्याच डिशला ०.३५ ग्रॅम एकूण घन, त्यात ०.०३५ ग्रॅम झिफ-८ आणि ०.३१५ ग्रॅम पिम-१. झिफ ५ मिलि क्लोरोफॉर्ममध्ये अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अर्धा तास, मग एकूण पॉलिमर द्रावणाचा दहावा भाग त्यात टाकून पुन्हा अर्धा तास, मग उरलेले. सगळा पॉलिमर एकदम टाकला की कणांचे गोळे होतात आणि गोळ्यांभोवती रिकामी फट राहते. त्या फटीतून वायू जातो, पारगम्यता फुगते, निवडक्षमता घसरते आणि लोक त्याला यश समजतात. ओलसर आम्ल वायू असेल तर झिफ-८ टाळा, यूआयओ-६६ पाण्यात टिकते. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या गटाने पीएएफ-१ नावाचे सच्छिद्र भरावे घालून पिम-१सह तीन पॉलिमरांचे म्हातारपण बऱ्याच अंशी रोखल्याचे दाखवले. भराव्याचा खरा फायदा तिथे आहे, पारगम्यतेच्या आकड्यात नाही.

पातळ थराचे

५० मायक्रॉनची फिल्म शिकण्यासाठी. कामाची मेम्ब्रेन १-२ मायक्रॉनची, आधारावर लेपलेली. आधार पॉलिसल्फोनचा घेऊ नका, क्लोरोफॉर्म तो विरघळवतो. पॅन, म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइल, टिकतो. त्यावर आधी सिलिकॉन रबरचा पातळ थर दिला तर द्रावण छिद्रांत मुरत नाही आणि वरचा थर सलग बसतो. पिम-१चे द्रावण १ टक्का पुरे.

पातळ थर जाड फिल्मपेक्षा फार लवकर म्हातारा होतो, कारण जादा रिकामी जागा पृष्ठभागाकडे सरकून निघून जायला अंतरच कमी. जाड फिल्मवर सुंदर निघालेला आकडा लेपावर आठवड्याभरात ओसरतो. म्हणून बदलाची तुलना करताना १, ७, ३० आणि ९० दिवसांचे आकडे एकाच क्रमाने, एकाच तापमानाला घ्या, आणि मिथेनॉलने धुतलेली, पण रासायनिक बदल न केलेली साक्षीदार फिल्म त्याच पाकिटात ठेवून तीही प्रत्येक वेळी मोजा. शेवटी एकट्या वायूऐवजी मिश्रण, २ बारपासून १० बारपर्यंत. एकट्या वायूवर ३० दाखवणारी मेम्ब्रेन १० बारच्या मिश्रणावर १५वर येणे ही नेहमीची गोष्ट आहे. दाब परत २ बारवर आणून आकडा पूर्ववत येतो का, हे पाहिले की फुगलेली किती आणि फाटलेली किती ते कळते.

रासायनिक बदल किंवा जोड न केलेल्या, बिघडलेल्या फिल्मचे तुकडे फेकू नका. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, गाळून, मिथेनॉलमध्ये पाडले की तोच पॉलिमर परत वापरता येतो. इपॉक्सी लागलेल्या कडा मात्र आधी कात्रीने कापून बाजूला.